तासाला मन उडतं? त्याला तासातच काम द्या

मधली सुट्टी संपून पाचवा तास सुरू झालाय. डबा खाऊन अंग जड झालंय, खिडकीतलं ऊन थेट बाकावर आलंय आणि सर फळ्यावर गणित सोडवतायत. पहिल्या दोन ओळी नीट कळतात. तेवढ्यात बाहेरून नाशिकच्या सिटीलिंकची बस जाते आणि तिच्यामागे मन निघतं. रविवारी सोमेश्वरला जायचंय, धबधब्याला पाणी असेल का, मागच्या वेळी चप्पल वाहून गेली ती कोणाची... सर "कळलं का?" विचारतात, वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो आणि त्या सुरात तुझाही आवाज असतो. फळ्यावर मात्र तोवर सात ओळी झालेल्या असतात.

असं रोज होत असेल तर "लक्ष दे" हे वाक्य तू हजार वेळा ऐकलं असशील. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण लक्ष देताना हातांनी, डोळ्यांनी, डोक्याने नेमकं काय करायचं ते त्या वाक्यात कुठेच नसतं. या लेखात तेच सांगितलं आहे. लेख सातवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आहे. शेवटी थोडं घरच्यांसाठी आणि शिक्षकांसाठीही आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मन उडणं हा तुझ्या एकट्याचा दोष नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या संशोधकांनी २०१० साली सव्वादोन हजार प्रौढ माणसांना फोनवरून अवेळी गाठून "आत्ता मन कुठे आहे?" असं विचारलं. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. कंटाळा म्हणजे आळस, हेही खरं नाही. आळशाला काही करावंसंच वाटत नाही. कंटाळलेल्याला कशात तरी गुंतायचं असतं, पण समोर जे आहे त्यात शिरायला दार सापडत नाही. मग मन स्वतःचं काम स्वतःच काढतं. त्याला वर्गातच दुसरं काम दिलं तर ते थांबतं. खाली सांगितलेले सगळे उपाय या एकाच गोष्टीवर उभे आहेत.

कंटाळा कुठल्या जातीचा?

उपाय करण्याआधी पाच दिवस फक्त नोंद ठेव. पोस्टकार्डाएवढा कागद घे, दिवसाचे जेवढे तास तेवढे रकाने पाड आणि कागद कंपासपेटीत ठेव. मन गेलं होतं हे ज्या क्षणी लक्षात येईल, त्या क्षणी त्या तासाच्या रकान्यात एक रेघ मार आणि पुढे एक अक्षर लिही.

'झा' म्हणजे झालंय. हा धडा क्लासमध्ये मागच्याच महिन्यात झाला आहे. कॉलेज रोड असो, सिडको असो की नाशिकरोड, आपल्याकडे क्लास शाळेच्या दोन धडे पुढेच असतो, त्यामुळे हा कंटाळा इथे फार दिसतो. 'सु' म्हणजे सुटलंय. मधली एखादी पायरी कधीतरी निसटली आणि आता सगळं डोक्यावरून जातंय. 'उ' म्हणजे उतरवून घेणं. हात लिहितोय, डोकं रिकामं आहे. 'अं' म्हणजे अंग. झोप, भूक, डोकेदुखी, नाहीतर फळा नीट न दिसणं.

शनिवारी रेघा मोज. पहिल्या तासात आणि मधल्या सुट्टीनंतरच्या तासांत गर्दी असेल तर विषय निर्दोष आहे, अंगाचं बघायला हवं. एकाच विषयात गर्दी असेल तर त्या विषयाचं अक्षर बघ. हा कागद पाच दिवसांहून जास्त चालवू नकोस. सहाव्या दिवसापासून रेघा मोजणं हाच एक खेळ होतो आणि तासापेक्षा कागदच मजेशीर वाटायला लागतो.

'सु' जास्त निघाले तर खालचे उपाय तेवढ्याने पुरणार नाहीत, कारण तो कंटाळा नसतोच. न कळण्याची लाज कंटाळ्याचं पांघरूण घेऊन बसलेली असते. दहावीत वर्गसमीकरणं सुरू झाली की मन उडतं, पण भोक बऱ्याचदा आठवीत पडलेलं असतं. गुणाकार १२ आणि बेरीज ७ येईल अशा दोन संख्या झटकन सुचत नसतील, तर सरांची प्रत्येक पुढची ओळ जादूसारखी वाटणार. आठवीचं पुस्तक काढ, 'बैजिक राशींचे अवयव' या धड्यातली रोज दहा गणितं सोडव. साधारण आठवड्यात हात बसतो. खालच्या इयत्तेचं पुस्तक उघडायला संकोच वाटतो, म्हणून मुलं ते टाळतात आणि वर्षभर तासाला बसून राहतात. आठवडाभराच्या संकोचाच्या बदल्यात वर्ष वाचतं.

आदल्या रात्रीची पाच मिनिटं

सगळ्या उपायांतला सगळ्यात जोरदार उपाय वर्गाबाहेरचा आहे. उद्याच्या वेळापत्रकातला एकच विषय निवड. धडा वाचायचा नाही. फक्त मथळे, आकृत्यांखालच्या ओळी, 'सांगा पाहू' आणि 'जरा डोके चालवा'च्या चौकटी आणि शेवटच्या स्वाध्यायातले दोन-तीन प्रश्न यांवरून नजर फिरव. मग वहीच्या उद्याच्या पानावर सगळ्यात वर एक प्रश्न लिही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर तुला खरंच माहीत नाही आणि ते जाणून घ्यावंसं वाटतंय.

दहावीच्या विज्ञानातला 'उष्णता' हा धडा घेऊ. पहिलाच मथळा अप्रकट उष्मा. "अप्रकट उष्मा म्हणजे काय?" हा प्रश्न निकामी आहे. त्याचं उत्तर पुस्तकात जाड अक्षरात छापलेलं आहे आणि मनाला ते पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे ते तासाची वाट बघत नाही. जरा थांबून आलेख बघ. बर्फाला उष्णता देतच आहोत, बर्फ वितळतोय, तरी तापमानाची रेघ ० अंशावर आडवीच आहे. दिलेली उष्णता जाते कुठे? हा प्रश्न चालेल.

त्याहून चांगला प्रश्न आपल्या जिल्ह्यात मिळतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली घसरतो, पानावरचं दव गोठतं आणि द्राक्षाला फटका बसतो. अशा रात्री बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी सोडतात. शेकोटी समजते. पण थंडीत पाणी? पाण्याने बाग आणखी गार पडायला नको का?

हा प्रश्न वहीच्या माथ्यावर घेऊन तासाला बसलं की अख्खा धडा त्याच्या उत्तराच्या शोधात ऐकला जातो. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड होताना एक कॅलरी उष्णता सोडतं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. आणि पाणी गोठायची वेळ आलीच, तर ० अंशावर एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी बाहेर टाकतं. आलेखातली ती आडवी रेघ इथे उलट्या दिशेने वाचायची. मॅडम फळ्यावर '८०' लिहितात तेव्हा इतरांसाठी तो पाठ करायचा आकडा असतो. तुझ्यासाठी ते कोड्याचं उत्तर असतं.

भूगोलासाठीही असंच. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर. मग ती उलट्या दिशेला निघून १,४६५ किलोमीटर धावत बंगालच्या उपसागरापर्यंत का जाते? सह्याद्रीचा जलविभाजक आणि दख्खनच्या पठाराचा पूर्वेकडचा उतार, हे दोन शब्द धड्यात आले की कान टवकारले जातात. इतिहासात २ मार्च १९३० ही काळाराम मंदिर सत्याग्रहाची तारीख लागते. पंचवटीत सकाळी जाऊन देवळाचे दरवाजे बघून ये आणि मग प्रश्न लिही: सत्याग्रही दारापर्यंत आले, मग सत्याग्रह एका दिवसात का मिटला नाही?

इथे तीन गोष्टी बिघडतात. उत्साहाच्या भरात मुलं सगळ्या विषयांचे प्रश्न काढायला बसतात, अर्धा तास जातो आणि तिसऱ्या दिवशी सगळंच बंद पडतं. पहिले दोन आठवडे एकच विषय पुरे. दुसरं, प्रश्न कच्च्या वहीत लिहितात आणि ती घरी राहते. तिसरं, पूर्ण धडा वाचून टाकतात. तसं केलं की उद्याचा तास पुन्हा 'झा' झाला.

वहीचं पान कसं आखायचं

फुलस्केप वहीच्या पानावर डाव्या कडेपासून सहा सेंटीमीटरवर पेन्सिलने उभी रेघ ओढ. खालून सहा ओळी सोडून एक आडवी रेघ. उजवीकडच्या मोठ्या भागात तासाचं लेखन, डावीकडच्या रुंद समासात तुझे प्रश्न आणि खुणा, खालची पट्टी तास संपल्यावर भरायची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे आणि आपल्या चाळीस मिनिटांच्या तासाला ती छान बसते. आम्ही तिच्यात एकच भर सुचवतो. उजव्या वरच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा चौकोन काढ. ही खुंटी. तिचा उपयोग पुढे येतोय.

लिहिण्याचा नियम: सरांची तीन वाक्यं, तुझं एक. तेही तोडकं चालेल. आकृती मात्र पूर्ण काढ, नावांसकट. सगळंच उतरवून घेणाऱ्याचा हात टाइपरायटर होतो. शब्द कानातून शिरून पेनातून बाहेर पडतात, मध्ये डोक्याला काही करावंच लागत नाही. एका वाक्यात आवळायचं म्हटलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना मनाला बाहेर जायला फुरसत मिळत नाही.

काही वर्गांत शिक्षक नोट्स सांगतात आणि नंतर वही तपासतात. तिथे शब्दन् शब्द लिहावाच लागतो, त्यात वाद नको. अशा वेळी प्रत्येक परिच्छेद संपला की एक शब्द अधोरेखित कर आणि समासात, हा परिच्छेद ज्याचं उत्तर आहे, तो प्रश्न लिही. सर पुढचं वाक्य शोधेपर्यंत जे आठ-दहा सेकंद मिळतात तेवढ्यात हे होतं.

पेन हातात नाचवण्याबद्दल किंवा पानावर चित्रं काढण्याबद्दल ओरडा बसत असेल तर हेही वाच. जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली चाळीस जणांना एक रटाळ फोन-निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकताना छापील आकार पेन्सिलने रंगवायला सांगितलं होतं. त्यांना २९ टक्के जास्त आठवलं. पण यातली मेख बघ: ते आकार भरत होते, मनाने चित्र रचत नव्हते. समासातले चौकोन भरणं चालेल. ड्रॅगनचे पंख कसे वळवायचे हा विचार सुरू झाला की धडा गेला.

तासाची चाळीस मिनिटं

बाकावर बसताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. दप्तर मांडीवर नको. खिडकीची जागा असेल आणि बदलता येत नसेल, तर निदान खांदे फळ्याकडे वळव. पहिला बाक मिळाला की प्रश्न सुटला असं समजू नकोस. पहिल्या बाकावरही तंद्री लागते, फक्त ती डोळे उघडे ठेवून लागते.

तासाचं मुख्य काम एकच: पुढची ओळ ओळखणं. सर एक पायरी लिहून पुढची लिहायला वळतात, त्या क्षणात तू ती आपल्या वहीत लिहून टाक. बरोबर आली तर टिंब, चुकली तर फुली आणि शेजारी खरी ओळ. गणितात आणि रासायनिक समीकरणांत हे सरळ जमतं. मराठीच्या तासाला, बाई कवितेचं पुढचं कडवं वाचण्याआधी कवीचा सूर बदलेल की तोच राहील याचा अंदाज बांध. इतिहासात, एखाद्या निर्णयाचे परिणाम सांगायला सुरुवात झाली की दोन परिणाम आधीच समासात लिही. चुकलेला अंदाज बरोबर आलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो, कारण चूक कळल्यावर मन चमकतं. म्हणून फुल्या खोडायच्या नाहीत.

'झा' जातीच्या कंटाळ्यावर तर याहून चांगलं औषध नाही. क्लासमध्ये ऐकलेलं ओळखीचं वाटतं, येत असतंच असं नाही. सरांच्या आधी ओळ लिहायला गेलं की तिसऱ्या-चौथ्या पायरीला अडायला होतं आणि किती येतं ते तिथल्या तिथे कळतं. सगळ्या ओळी बरोबर येत असतील तर समासात दुसरी रीत करून बघ: अवयवांऐवजी सूत्राने किंवा पूर्ण वर्ग करून. आणि शेजारच्याला अडत असेल तर तास संपल्यावर त्याला समजावून सांग. ज्याला सांगता येतं त्याला येतं.

मन गेलं तर? जाणारच. परतीची वाट ठरलेली असू दे, म्हणजे परतताना विचार करावा लागत नाही. मन गेलं होतं हे कळलं की आधी श्वास पूर्ण सोड आणि पाय जमिनीवर आहेत ना ते बघ. मग जे मनोराज्य चाललं होतं त्याचा एक शब्द खुंटीवर टांग: 'सोमेश्वर'. ते घरी गेल्यावर काढता येईल. समासात प्रश्नचिन्ह टाक आणि उजवीकडे चार ओळी कोऱ्या सोड. आता फळ्यावरची सगळ्यात शेवटची ओळ बघ आणि एवढंच विचार: ही तिच्या वरच्या ओळीतून कशी आली? सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद लागतात.

कोऱ्या ओळी महत्त्वाच्या आहेत. त्या सोडल्या नाहीत की हुकलेलं आठवण्याचा खटाटोप सुरू होतो आणि त्यात चालू असलेलंही हुकतं. "काय झालं रे?" असं शेजाऱ्याला त्याच वेळी विचारू नकोस, त्यात दोघांचं हुकतं. एक सर गेले आणि दुसऱ्या मॅडम यायच्या आहेत, त्या दोन-तीन मिनिटांत त्याच्या वहीवरून ओळी भरून घे.

यात सगळ्यात जास्त घात करते ती स्वतःला दिलेली शिवी. "पुन्हा गेलं मन, माझं काही खरं नाही, परीक्षेत काय होणार" ही साखळी म्हणजे दुसरी तंद्रीच, आणि ती पहिलीपेक्षा लांब चालते. धबधब्याचं स्वप्न मिनिटभरात विरतं, परीक्षेची भीती अख्खा तास खाते. मन गेलं, नोंद झाली, परत आलं, इतकंच. एका तासात सहा वेळा परत यावं लागलं तर सहा वेळा यायचं.

हात वर करणं

साठ मुलांच्या वर्गात हात वर करणं सोपं नाही. चार जण हसतील, सर चिडतील, असं वाटतं. पण जो प्रश्न विचारायचाय तो मनात धरून ठेवणाऱ्याचं मन उडत नाही, म्हणून विचारलं नाही तरी तयारी कर. विचारायचंच तर "सर, कळलं नाही" एवढं म्हणू नकोस. त्यावर सर सगळं पहिल्यापासून, त्याच शब्दांत सांगतात आणि वर्ग सुस्कारा टाकतो. बोट नेमकं ठेव. "सर, तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह कुठून आलं?" "मॅडम, इथपर्यंत कळलं, पण इथे भागलं का?" "बाई, हाच शब्द आधीच्या कडव्यात वेगळ्या अर्थाने आलाय का?" नेमक्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं आणि बहुतेक शिक्षकांना असा प्रश्न आवडतो. पाठीमागून कोणीतरी "मला पण तेच" म्हणतं, हेही बऱ्याचदा घडतं.

दिवसाला एक प्रश्न पुरे. धीर होत नसेल तर चिठ्ठीवर लिहून तास संपताना दारात विचार. सरांना कोंडीत पकडायला किंवा आपल्याला किती येतं ते दाखवायला विचारू नकोस. वर्गाला ते लगेच कळतं आणि मग खऱ्या प्रश्नालाही हशा पडतो.

खालची पट्टी

तास संपला की वही न बघता खालच्या सहा ओळींत आठवेल ते लिही. वेळ नसेल तर तीन शब्द लिही. घरी गेल्यावर उजवा भाग झाकून समासातल्या प्रश्नांची उत्तरं तोंडी दे. रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना "येतंय मला" असं छान वाटतं. आठवून लिहिताना त्रास होतो, आणि पक्कं होतं ते त्या त्रासाने.

अंगाचं गणित

शाळा सकाळी सात दहाची, उठायचं पावणेसहाला, संध्याकाळचा क्लास साडेआठला सुटतो, जेवण, गृहपाठ, मग अंथरुणात मोबाइल. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पावणेसहापासून मागे मोजलं तर साडेनऊला दिवा मालवायला हवा. रोज हे जमणार नाही, पण अकराच्या जागी दहा झाले तरी पहिल्या दोन तासांतल्या रेघा कमी होतात. त्यासाठी मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. उशाशी ठेवून न बघण्याचा निश्चय टिकत नाही.

चहा-बिस्किटावर शाळेत जाऊ नकोस. पोळीचा रोल, केळं, भिजवलेले शेंगदाणे, काहीतरी चावून खा. पाण्याची बाटली बाकावर असू दे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती टाळू नकोस, पण रिकाम्या पोटी घेऊ नकोस, मळमळतं. रक्त कमी असलेल्या मुलींना मरगळ येते आणि लोक तिला आळस म्हणतात.

आणि मनोराज्यालाही त्याची वेळ दे. रोज पंधरा मिनिटं खुंटीवरचे शब्द काढायचे. क्लासला जाताना बसच्या खिडकीशी, नाहीतर गच्चीवर, कानात काही न घालता. गोष्टी, चित्रं, यंत्रं, खेळाचे डाव सुचतात ते इथेच. ज्या मनाला संध्याकाळी मोकळं सोडलं जातं, ते पाचव्या तासाला दार कमी ठोठावतं.

घरच्यांसाठी आणि शिक्षकांसाठी

"लक्ष कुठे होतं तुझं?" या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नसतं. "आज कुठला प्रश्न अडला?" असं विचारा आणि वहीचा डावा समास बघा. तो कोरा असेल तर रागावू नका, रात्री पाच मिनिटं शेजारी बसून उद्याचा एक प्रश्न मिळून काढा. शिक्षकांनी दर दहा-बारा मिनिटांनी थांबून, सगळ्यांनी वहीत लिहायचा एकच छोटा प्रश्न दिला तरी वर्ग परत येतो. उत्तर एकाने तोंडी देऊन भागत नाही. त्यात एक जागा होतो आणि एकोणसाठ सुटतात.

काही गोष्टी मात्र सवयीने सुटणाऱ्या नसतात. फळ्याकडे बघताना डोळे बारीक होतात, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलं जातं, डोकं दुखतं: आधी नंबर तपासा. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी मूल गैरहजर नको. लक्ष न टिकणं शाळेत आणि घरी अशा दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त, आणि बारा वर्षांच्या आधीपासून दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दंगा करणारा मुलगा लवकर लक्षात येतो, पण शांत बसून हरवलेली मुलगी वर्षानुवर्षं 'स्वप्नाळू' म्हणून सुटते.

आणि हे नीट बघा. दिवास्वप्न नावाने हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की मोडतं. पण मूल बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबलं, पाच ते वीस सेकंद एकटक राहिलं, पापण्या फडफडल्या, हात लावूनही भानावर आलं नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढे बोलू लागलं, तर ती तंद्री नव्हे. तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो, दिवसातून अनेकदा होऊ शकतो आणि औषधाने आटोक्यात येतो. असं घडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, दिवसातून किती वेळा होतं ते लिहून ठेवा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. बहुधा मेंदूचा आलेख काढायला सांगतील. ती तपासणी दुखत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर

तीन आठवड्यांत बसलेली सवय दिवाळीच्या सुट्टीत हमखास मोडते. शाळा उघडल्यावर वहीला रेघा असतात, समास कोरा असतो. तेव्हा सगळं एकदम सुरू करू नकोस. पहिल्या सोमवारसाठी रविवारी रात्री एका विषयाचा एक प्रश्न काढ, पानाच्या माथ्यावर लिही आणि वही दप्तरात टाक.